दोन दिवसांत खायला लागला म्हणजे टिक फिव्हर गेला असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की चार वर्षांचा लॅब्राडोर, ३२ किलो, दोन दिवस जेवण सोडलं होतं, ताप १०४, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड, सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीत, प्लेटलेट ४८ हजार. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवसांसाठी चालू केलं आणि तिसऱ्या दिवशी ब्रुनो ताटावर तुटून पडला. आता शेजारचे काका म्हणतायत की गोळ्या पाच दिवसांत बंद करा, एवढ्या गोळ्यांनी लिव्हर जातं, त्यापेक्षा पपईच्या पानांचा रस द्या. त्यात गोचिडाच्या शाम्पूने दर पंधरा दिवसांनी आंघोळ घालूनही गोचीड परत येतायत, आणि घरात एक मांजरही आहे.

पहिलं म्हणजे गोळ्या बंद करू नका. २८ दिवस म्हणजे २८ दिवस. काकांचं मन दुखवायचं नसेल तर हो म्हणा आणि गोळी द्या.

का ते सांगतो. ही लक्षणं आणि हे प्लेटलेट बघता तुमच्या डॉक्टरांनी एर्लिकिया, म्हणजे टिक फिव्हरचा एक प्रकार, धरून औषध दिलंय आणि ते बरोबरच आहे. एर्लिकिया कॅनिस हा जंतू गोचिडाच्या लाळेतून रक्तात शिरतो आणि पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन बसतो. पेशीच्या आत बसलेला असल्यामुळे साधी अँटिबायोटिक्स तिथे पोचत नाहीत, डॉक्सी पोचतं. गोचीड चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, कुत्रा मलूल होतो, खाणं सोडतो, प्लेटलेट घसरतात. डॉक्सी चालू केलं की एक-दोन दिवसांत ताप उतरतो आणि कुत्रा शेपूट हलवायला लागतो, आणि नेमकं इथेच बरेच लोक फसतात कारण जंतू कमी झालेले असतात, संपलेले नसतात. गंमत म्हणजे काहीच औषध दिलं नाही तरी बरेचसे कुत्रे दोन ते चार आठवड्यांत वरवर बरे दिसायला लागतात, म्हणून मग गावाकडे लोक सांगतात ना की आमच्या कुत्र्याला पण झालं होतं, हळद-दूध दिलं आणि झाला बरा. झालेला नसतो हो. आजार आत लपून बसतो, महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं, कुत्रा खातोय पितोय, वजन जरा कमी वाटतं एवढंच. त्यातले काही कुत्रे स्वतःच जंतू संपवतात, आणि काहींमध्ये तो जुनाट होऊन बोनमॅरोवर जातो. मग लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही बनणं मंदावतं, नाकातून रक्त येतं, डोळ्यात रक्त उतरतं, आणि त्या टप्प्यावर आलेला कुत्रा वाचवणं फार अवघड असतं, माझ्या टेबलावर अशी केस आली की मालकाला काय सांगायचं हाच प्रश्न असतो. जर्मन शेफर्डमध्ये तर हा जुनाट प्रकार जास्तच वाईट जातो. १९६०च्या दशकाच्या शेवटी व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याचे शेकडो कुत्रे या आजाराने गेले, त्यात बहुतेक जर्मन शेफर्डच होते. तेव्हा कुठे जगाचं या आजाराकडे नीट लक्ष गेलं.

डोस साधारण किलोला १० मिलिग्रॅम रोज असा असतो, एकदम किंवा दोन वेळात विभागून, तुमच्या डॉक्टरांनी लिहिलाय तो ३२ किलोला जुळतोय. रिकाम्या पोटी देऊ नका, उलटी करतो. आधी थोडं जेवण, मग गोळी, मग पाणी किंवा चिकनचं पातळ सूप, कारण गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होते. आणि दुधातून देऊ नका. दूध, दही, पनीर, कॅल्शियमचं टॉनिक, लोहाचं टॉनिक, अ‍ॅसिडिटीची पातळ औषधं हे सगळं गोळीपासून दोन तास तरी लांब ठेवा, नाहीतर औषध पोटातच अडकतं आणि रक्तात कमी जातं. पेढ्यात लपवून गोळी देणारे खूप भेटतात, त्याऐवजी उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात लपवा. लिव्हरचं म्हणाल तर महिनाभराच्या डॉक्सीने धडधाकट कुत्र्याचं लिव्हर सहसा बिघडत नाही, शंका असेल तर पुढची सीबीसी करताना त्यातच लिव्हर-किडनीची टेस्ट करून घ्या, विषय संपला.

पपई. यावर लोक अगदी भांडणावर येतात म्हणून स्पष्ट लिहितो. पपईच्या पानांच्या रसाने एर्लिकिया मरत नाही. प्लेटलेट कमी होतात त्या मुख्यतः शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या नष्ट करते म्हणून, जंतू आटोक्यात आला की त्या आपोआप वर येतात, आणि रस देणारे म्हणतात बघा रसाने आल्या. पपईचं तयार सिरप बरेच डॉक्टर लिहून देतात, डॉक्सीसोबत दिलं तर माझं भांडण नाही, पण आधीच पोट नाजूक असलेल्या कुत्र्याला घरी वाटलेला कडू रस वाटीभर पाजून उलट्या करवू नका, त्या उलटीत डॉक्सीची गोळीपण बाहेर पडते. बीटाने रक्त वाढत नाही, त्याने फक्त लघवी-शी लाल होते आणि मालक रात्री अकराला घाबरून फोन करतो.

आता तुमच्या मेसेजमधली एक ओळ, जी तुम्ही सहज लिहिलीय पण मला ती जास्त टोचली. पहिल्या दिवशी ताप बघून अर्धी पॅरासिटामोल दिली होती. तेवढ्याने काही झालेलं दिसत नाही, पण परत नको. माणसाच्या तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला घरच्या घरी द्यायच्या नाहीत. पॅरासिटामोल जास्त झालं तर लिव्हर जातं आणि रक्तातली ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक त्याहून वाईट, पोटात अल्सर आणि किडनी फेल, कॉम्बिफ्लाममध्ये तर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामोल दोन्ही. अ‍ॅस्पिरिनने प्लेटलेटचं कामच मंदावतं, म्हणजे ४८ हजार प्लेटलेटवाल्या कुत्र्याला अ‍ॅस्पिरिन म्हणजे आतून रक्तस्राव मागून घेणं. ताप मोजायचा तर थर्मामीटर गुदद्वारातून, थोडं व्हॅसलीन लावून. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यासारखं ९८.६ नाही, त्यामुळे १०२ बघून पळापळ करू नका. नाक गरम-कोरडं आहे का हे बघण्याला काही अर्थ नाही, उन्हात झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाकही गरमच असतं.

प्लेटलेटचा आकडा. कुत्र्यात साधारण दोन ते पाच लाख नॉर्मल धरतात. ४८ हजार कमीच आहे, पण मशीनने दिलेल्या एका आकड्यावर जीव टांगू नका. रक्त काढताना त्रास झाला, नळीत नीट मिसळलं गेलं नाही की प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मशीनला ते मोजता येत नाहीत, मग रिपोर्टमध्ये २० हजार येतं आणि खरे असतात लाखभर. माणसांच्या लॅबमध्ये केलेल्या रिपोर्टमध्ये हे फार बघतो. म्हणून सीबीसीबरोबर ब्लड स्मिअर, म्हणजे काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं, हे करायलाच सांगा. त्यात गठ्ठे दिसतात आणि नशीब चांगलं असेल तर जंतूही दिसतो. जंतू नाही दिसला म्हणजे आजार नाही असं मात्र नाही. दुसरी ती किट टेस्ट, दहा मिनिटांत ठिपका येणारी, ती अँटिबॉडी दाखवते. ती बरा झाल्यावरही कित्येक महिने, कधी वर्षांनी सुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे २८ दिवसांनी परत किट करून पॉझिटिव्ह आली म्हणून रडत बसू नका आणि परत महिनाभर डॉक्सी मागू नका. बरं झालं का हे बघायला सीबीसी बघायची, फार शंका असेल तर पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट. मी साधारण सात दिवसांनी एक सीबीसी करतो, कोर्स संपताना एक, आणि संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी एक, कारण प्लेटलेट परत घसरायला लागल्या तर ते तेव्हाच कळतं. मुंबईत असाल तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथेही सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, तिथे या तपासण्या खाजगीपेक्षा स्वस्तात होतात, रांगेत थांबायची तयारी ठेवा.

आता एक गोष्ट जी सात दिवसांच्या सीबीसीत बघायची. डॉक्सी चालू असूनही हिमोग्लोबिन खाली जातंय का? टिक फिव्हर हे एकाच आजाराचं नाव नाही, गोचीड एका चाव्यात दोन-दोन जंतू देऊ शकतो, आणि आपल्याकडे एर्लिकियाबरोबर बबेसिया असणं नेहमीचंच आहे. बबेसिया लाल पेशी फोडतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, कुत्रा जिना चढताना धापा टाकतो, लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कॉफीसारखी होते, डोळे पिवळे होतात. आणि डॉक्सी एकट्याने बबेसिया जात नाही. त्यातही दोन प्रकार आपल्याकडे आहेत. मोठा बबेसिया, त्याला इमिडोकार्बची दोन इंजेक्शनं, मध्ये चौदा दिवसांचं अंतर, इंजेक्शननंतर लाळ गळते-उलटी होते म्हणून आधी अ‍ॅट्रोपिन देतात. आणि छोटा बबेसिया, गिब्सोनाय, जो इमिडोकार्बला दाद देत नाही, त्याला अ‍ॅटोवाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दहा दिवस, ते महाग पडतं, नाहीतर क्लिंडामायसिनबरोबर दोन-तीन औषधांचा लांब कोर्स. हा गिब्सोनाय तसा इथलाच म्हणायचा, १९१० मध्ये पॅटन नावाच्या संशोधकाने मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात तो पहिल्यांदा नोंदवला आणि मग कोल्ह्यातही सापडला. तर इंजेक्शन देऊनही उतार नाही म्हणणाऱ्यांनी आधी कोणता बबेसिया हे विचारावं. गिब्सोनाय कुत्र्यांच्या मारामारीत चावण्यातूनही पसरतो, अंगावर एक गोचीड नसला तरी.

हिरड्या बघायची सवय आजपासून लावा. ओठ वर करून बघायचं, गुलाबी आहेत का, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत येतो का. निरोगी असताना कशा दिसतात याचा एक फोटो फोनमध्ये ठेवा, म्हणजे तुलना करता येते. हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या, नाकातून रक्त, पोटावर लाल-जांभळे ठिपके, डांबरासारखी काळी शी, लघवीचा रंग गडद, डोळा निळसर किंवा आत रक्त, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रक्त चढवायची वेळ आली तर दाता कुत्रा तंदुरुस्त, २५ किलोच्या वरचा आणि स्वतः टिक फिव्हरमुक्त लागतो, त्याची पण तपासणी आधी होते, म्हणून ओळखीतले एक-दोन मोठे कुत्रे आधीच डोक्यात असलेले बरे.

पावसाळ्यात अजून एक आजार याच वेषात येतो तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून. ताप, उलट्या, कावीळ, किडनी. तो माणसालाही होतो, म्हणून कावीळ झालेल्या कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला. लस आहे, दरवर्षी द्यावी लागते.

खाण्याचं फार लांबवत नाही. भात, उकडलेलं चिकन, अंडं, लाल भोपळा. भूक नाही म्हणून कुणीतरी मटणाचा रस्सा घालून देईल, तो नको, कारण कांदा-लसूण शिजवलेला असला तरी कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो, आणि इथे आपण त्याच पेशी वाचवतोय. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही नकोत, ते किडनीला वाईट.

आता गोचीड, ज्याच्यामुळे हे सगळं परत परत होणार आहे. आंघोळ घालूनही का येतात? कारण तुम्ही कुत्रा धुताय आणि गोचीड भिंतीत आहे. आपल्याकडच्या कुत्र्यांवर असतो तो तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस, आणि तो गवतापेक्षा घरात जास्त रमतो. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं बारीक पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, खाली पडतं, फटीत जाऊन कात टाकतं, परत चढतं, परत पितं, परत पडतं, आणि तिसऱ्यांदा मोठा होऊन चढतो. ती जी वाटाण्याएवढी राखाडी फुगलेली दिसते ती मादी, ती खाली पडून दाराच्या चौकटीत, स्कर्टिंगच्या मागे, गॅलरीतल्या कुंडीखाली, पलंगाच्या फळीच्या सांध्यात हजारो अंडी घालते. या जातीला वर चढायची सवय असते म्हणून भिंतीवर, पडद्याच्या मागे, कधी छताच्या कोपऱ्यातही सापडतात. आणि मोठा गोचीड रक्ताशिवाय महिनोन्‌महिने तग धरतो, म्हणजे महिनाभर कुत्रा गावाला पाठवला तरी ते वाट बघत असतात. शाम्पूने त्या दिवशी अंगावर असलेले मरतात, बास. पंधरा दिवसांनी भिंतीतली पुढची बॅच.

म्हणून कुत्र्यावर असं काहीतरी हवं जे सतत काम करेल. खायच्या गोळ्या आहेत, नेक्सगार्ड महिन्याला एक, सिम्पेरिका साधारण पाच आठवडे, ब्रॅव्हेक्टो साधारण तीन महिने. महाग आहेत, मान्य, पण टिक फिव्हरच्या एका फेरीच्या बिलाशी एकदा तुलना करून बघा. या गोळ्यांमध्ये गोचीड चावल्यावर मरतो, त्यामुळे अंगावर एखादा गोचीड दिसला तर गोळी खोटी असं नसतं, दुसऱ्या दिवशी तो मेलेला सापडतो. पण एर्लिकिया चावल्यापासून काही तासांतही रक्तात जाऊ शकतो, म्हणून गोळी चालू असताना रोज संध्याकाळी हात फिरवून कान, मान, काखा, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली बघणं सोडू नका. फिट येणाऱ्या कुत्र्यांना या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या गटाबद्दल तशी सूचना काढलीय. गोचीड काढताना चिमट्याने कातडीला लागून धरायचा आणि सरळ ओढायचा, रॉकेल, काडी, अगरबत्ती काही नको, नखांनी चिरडायचा पण नाही, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटच्या बाटलीत टाका.

आणि घर. जुनं गोणपाट, फाटकी गादी टाकून द्या, बाकीची चादर कडक गरम पाण्यात. भिंतीच्या फटी पुट्टीने किंवा सिमेंटने बुजवा, हे एकच काम लोक टाळतात आणि याचाच उपयोग सगळ्यात जास्त होतो. पेस्ट कंट्रोलवाल्याला गोचिडासाठी म्हणून सांगा, झुरळाचं जेल लावून जाईल नाहीतर, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत बोलवा कारण अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत. जमीन पूर्ण वाळेपर्यंत प्राणी बाहेर. तीन महिने लागतील, एका रविवारात होणार नाही. सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांना हाकलून काही होत नाही, नवीन येतात नवीन गोचीड घेऊन, त्यापेक्षा वर्गणी काढून त्यांनाही गोळी द्या.

घरातल्या मुलांना ब्रुनोकडून ताप येईल का असं विचारलंय. कुत्र्याला मिठी मारून नाही येत. गोचीड माणसाला क्वचित चावतो आणि त्यातून वेगळे ताप येऊ शकतात, म्हणून मुलांना गोचीड हाताने काढायला देऊ नका. सिंधुदुर्ग आणि गोव्यातला माकडताप हा वेगळ्या, जंगलातल्या गोचिडाचा आजार आहे, त्याची याच्याशी गल्लत नको.

राहिली मांजर. कुत्र्यासाठीची गोचिडाची पावडर किंवा मानेवर टाकायचे थेंब आणले असतील तर आत्ता उठून पाकीट बघा, पर्मेथ्रिन लिहिलं असेल तर ते मांजर असलेल्या घरात वापरूच नका, मांजराला ते विष आहे, थरथर, फिट आणि मरण, आणि तिला लावायचीही गरज नाही, ब्रुनोला लावून ती त्याच्या अंगावर झोपली, चाटलं, तेवढं पुरतं. अमिट्राझ, म्हणजे पाण्यात मिसळून अंगाला लावायचं ते औषध, तेही मांजराला नको, आणि ब्रुनोलाही पाकिटावरच्या प्रमाणापेक्षा घट्ट करून लावू नका, चाटलं की सुस्त पडतो, डायबेटिस असलेल्या कुत्र्याला तर अजिबात नाही. मांजरासाठी मांजराचं म्हणून मिळणारं फिप्रोनिल तिच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या. सातव्या दिवशीची सीबीसी आली की हिमोग्लोबिन, पीसीव्ही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण), प्लेटलेट आणि स्मिअरवर काय लिहिलंय एवढं टाका, मग पुढचं बघू.